चौथ्या रकान्यातली सही

ऑफिसात तिला पाठीमागे सगळे ‘नाहीबाई’ म्हणायचे आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. पाणीपुरवठा खात्याच्या संगणक कक्षाची ती प्रमुख. प्रमुख म्हणजे हाताखाली दोन माणसं, उन्हाळ्यात हमखास रुसणारा एक एसी आणि काचेच्या भिंतीपलीकडे दिवसभर घरघरणारी मशीनं. कुणी येऊन म्हणालं, “बाई, माझा पासवर्ड आमच्या सगळ्या टेबलांना देऊन टाका ना, सोपं पडेल,” की ती मान वर न करता म्हणायची, “नाही.” मग कारणही सांगायची, अगदी सविस्तर. पण कारण ऐकायला थांबतंय कोण? पहिला शब्द तेवढा लोकांच्या लक्षात राहिला आणि नाव पडलं.

त्या वर्षी खात्यानं नकाशांचं भांडार करायला घेतलं होतं. शहराच्या पोटातून जाणारी प्रत्येक पाइपलाइन, प्रत्येक व्हॉल्व्ह, तो किती खोल आहे, कुठल्या बाजूनं फिरतो, या सगळ्याचे मिळून चाळीस हजारांवर नकाशे होते. काही मेणकापडावर, काही पिवळ्या पडलेल्या कागदावर, आणि जवळजवळ प्रत्येकावर कुणीतरी पेन्सिलीनं केलेली दुरुस्ती. दोन वर्षं खपून ते सगळे स्कॅन केले होते. आता ते एका ठिकाणी राहणार, कुणी कधी काय बदललं त्याची नोंद राहणार, जुनी आवृत्तीही जपली जाणार, आणि रस्त्यावरच्या दुरुस्ती पथकांना ते हातातल्या पडद्यावर दिसणार, अशी योजना होती. काम एका खाजगी कंपनीला मिळालं. पहिल्या बैठकीला कंपनीचा प्रकल्पप्रमुख म्हणून जो माणूस आला, तो तिचा सख्खा धाकटा दीर.

तो त्या कंपनीत लागल्याचं तिला माहीत होतं. अकरा महिने घरी बसून काढल्यावर त्याला ती नोकरी मिळाली होती. पण त्याला इथेच पाठवतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. बैठक संपल्या संपल्या तिनं मोठ्या साहेबांना लेखी कळवलं की कंपनीचा हा माणूस आपला नातेवाईक आहे. साहेब खात्याचे मुख्य अभियंता. कागद वाचून ते खूष झाले.

“अहो, बरंच झालं की! घरचाच माणूस. काही अडलं तर जेवताना विचारा.”

“जेवताना मी ऑफिसचं बोलत नाही साहेब,” ती म्हणाली.

भांडार सुरू करण्यापूर्वी एक दाखला भरायचा होता. त्यात सह्यांचे चार रकाने. पहिला कंपनीचा, दुसरा नकाशा विभागाचा, तिसरा वीज विभागाचा. चौथ्या रकान्यात छापलेलं होतं : ‘साठवण तपासली, सुरक्षित आढळली.’ त्याखाली तिचं पद.

उद्घाटनाला सोळा दिवस उरले असताना पहिल्या तीन सह्या होऊन तो कागद तिच्या टेबलावर आला. तिनं तो काचेच्या पेपरवेटखाली ठेवला आणि मशीनसमोर जाऊन बसली. पडद्यावरची रंगीत बटणं, शोधायची चौकट, नकाशा फिरवून बघायची सोय हे सगळं तिनं आधीच बघितलं होतं. सगळं देखणं होतं. तिला बघायचं होतं ते वेगळंच. नकाशा आत गेला की नेमका जातो कुठे? हे ज्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं ती तिनं उघडली. जेमतेम दीडशे ओळी. तिसाव्या ओळीशीच तिचं बोट थांबलं.

अशा भांडाराला पोट, म्हणजे साठवायची जागा, कसलं द्यायचं याचे तीन प्रकार असतात. एक, सगळं मशीनच्या आठवणीत ठेवायचं. ते झपाझप चालतं, पण मशीन बंद झालं की सगळं साफ. दोन, मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर साध्या फायलींमध्ये ठेवायचं. शिकायला, करून बघायला ते उत्तम. आणि तीन, वेगळा डेटाबेस उभा करून सगळ्या मशीननी त्यातच बघायचं आणि त्यातच लिहायचं. एखादं लिहिणं अर्ध्यात तुटलं तर डेटाबेस ते अर्धवट ठेवत नाही, पूर्ण पुसतो. इथे दुसरा प्रकार लावलेला होता. म्हणजे भांडार बनवणाऱ्यांनी करून बघण्यापुरती जी मांडणी सोबत दिलेली असते, ती जशीच्या तशी. आणि मशीन तर दोन होती. पहिल्यावर नकाशा विभाग काम करणार, दुसऱ्यावरून पथकं बघणार. दोघांची पोटं वेगळी. पहिल्याची नक्कल रोज पहाटे एकदा दुसऱ्यावर उतरणार.

तिनं दिराला बोलावून घेतलं.

“भाऊजी, हे तात्पुरतं आहे ना?”

“कुठलं?” त्यानं वाकून बघितलं आणि लगेच सरळ झाला. “ते होय. वहिनी, बऱ्याच ठिकाणी असंच चालतंय. काही होत नाही.”

“बऱ्याच ठिकाणी म्हणजे कुठे?”

“चालतंय.”

“डेटाबेसवर का नाही नेलं?”

त्यानं खुर्ची ओढली. “चाळीस हजार नकाशे आत भरून झालेत. आता पोट बदलायचं तर सगळं पुन्हा काढून पुन्हा भरायचं. पाच-सहा आठवडे जातील. तारीख कंपनीनं दिलीय, मी नाही. मला इथे आणून बसवलं तेव्हा ही मांडणी झालेली होती.”

“तेव्हाच सांगायचं होतं.”

“नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात?” तो हसला, पण हसण्यात काही दम नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं एक जादा मशीन घेतलं, त्यावर हुबेहूब तीच मांडणी लावली आणि शंभर नकाशे आत चढवायला सुरुवात केली. साठावा चढत असताना मागची वायर सरळ उपटली. मशीन पुन्हा सुरू केलं. चार नकाशे असे निघाले की नाव होतं, आत काही नव्हतं. पुन्हा केलं. या वेळी सूची म्हणत होती अठ्ठावन्न आहेत, मोजले तर पंचावन्न. तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा सगळं जागच्या जागी, एक रेघसुद्धा इकडची तिकडे नाही. तिला खरी धास्ती वाटली ती या तिसऱ्या वेळेची. नेहमी बिघडणारी गोष्ट लोक दुरुस्त करून घेतात. कधीमधी बिघडणारीवर विश्वास ठेवतात.

तिनं दीड पानाची टिपणी लिहिली आणि साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी ती उभ्या उभ्याच वाचली.

“अहो, पण वीज जाईल कशाला? खाली बॅटऱ्यांची अख्खी खोली आहे.”

“साहेब, मशीनला झटका यायला वीजच जावी लागते असं नाही. पंखा अडकतो, डिस्क मरते, कुणाचा तरी पाय वायरीत येतो.”

“चालू तर करू या. मग सावकाश सुधारू.”

“चालू झालेलं आपल्या खात्यात कधी सुधारलंय, एक उदाहरण द्या. मी आत्ता सही करते.”

साहेबांनी खरंच क्षणभर छताकडे बघितलं. उदाहरण काही सापडेना, तसे ते चिडले. “वरची माणसं येणार आहेत. पत्रिका छापून झाल्या. तुमच्या एका ‘नाही’साठी मी त्यांना काय सांगू?”

“माझी टिपणी दाखवा.”

“सही करणार नाही?”

“त्या रकान्यात लिहिलंय ‘सुरक्षित आढळली’. मला आढळली नाही. खोटं लिहून खाली नाव कसं घालू?”

रविवारी दीर आणि धाकटी जाऊ घरी आले. येणार हे ठरलेलंच होतं. फक्त आज कुणी चप्पल काढता काढता थट्टा केली नाही. तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता आणि बराच वेळ एकाच उत्तरपत्रिकेकडे बघत होता. जेवणं आटोपली, भांडी घासून झाली, आणि सासूबाईंनी मटारांची परात पुढ्यात ओढून विषयाला हात घातला.

“मी अडाणी बाई. मला एवढंच सांग. एका सहीनं तुझं काय जातंय?”

“माझं काही जात नाही आई. ज्यांच्या घरात पाणी शिरेल त्यांचं जाईल.”

“कुणाच्या घरात पाणी शिरतंय?”

“चुकीचा व्हॉल्व्ह फिरवला की शिरतं.”

 दीर एकदम उसळला. “म्हणजे मी लोकांची घरं बुडवायला निघालोय, असंच ना? वहिनी, सरळ सांगा ना, तुम्हाला मी घरी बसलेलाच बरा वाटत होतो!”

धाकट्या जावेनं त्याच्या हातावर हात ठेवला. तो त्यानं झटकला.

नाहीबाई त्याच्याकडे वळली. “भाऊजी, ते अकरा महिने तुमचा प्रत्येक अर्ज मी वाचलाय. तारखा चुकल्या की मी दाखवायचे, खोटी फुशारकी दिसली की मी खोडायचे. तेव्हा तुम्ही रागावला नाहीत.”

“ते कागद होते. हा माझा पहिला प्रकल्प आहे.”

“म्हणून तर तो नीट व्हायला हवा.”

“तो आता होतच नाहीये!” तो उठला. जाता जाता दारातून म्हणाला, “परक्याला असं केलं असतंत का?”

“परक्याला दोनदा सांगितलं नसतं. एकदाच सांगितलं असतं.”

सासूबाईंनी परात उचलली आणि आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. घरात जे काही सांगायचं ते त्या मुलाला सांगत, तिच्या देखत, तिच्याबद्दल : “तिला म्हणावं, गॅस संपत आलाय.”

नवऱ्यानं उत्तरपत्रिका बाजूला ठेवल्या. “तू बरोबर आहेस, हे मला कळतंय गं. पण हे जरा हळू आवाजात नाही का करता येणार?”

“हळू आवाजात दोनदा करून झालं,” ती म्हणाली. “आता कागदावर केलंय.”

सोमवारी साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की चौथ्या रकान्यात ते स्वतःच्या अधिकारात सही करतील.

“जरूर करा. माझी टिपणी फायलीत लागली आहे. पान सतरा. त्यावर तुमची पोचही आहे.”

साहेबांनी पेन उघडलं होतं. ते त्यांनी मिटून खिशात ठेवलं. “तुम्ही जा,” ते म्हणाले.

त्याच दुपारी दुरुस्ती पथकांचा मुकादम तिच्या कक्षात आला. तीस वर्षं रस्ते खणलेला माणूस. आवाज असा की काचेच्या भिंतीला हादरा बसावा. चिखलाचे बूट त्यानं दाराबाहेर काढून ठेवले आणि मोज्यांवर आत आला.

“बाई, खालच्या चहाच्या टपरीवर ऐकलं, तुम्ही सही अडवलीय. मला त्या भांडारातलं काही कळत नाही. एकच सांगा. सकाळी माझ्या माणसानं व्हॉल्व्ह हलवून पलीकडच्या फुटपाथला नेला. नकाशा विभागाला फोन करून सांगितलं. त्यांनी नकाशा बदलला. दुपारची पाळी त्याच जागी गेली. त्यांना पडद्यावर काय दिसणार?”

“जुना नकाशा. नवा उद्या सकाळी.”

“मग माझी माणसं काय बघून खणणार?”

“हेच मी दीड पान लिहिलंय.”

“आत्ता कसं आहे, माझ्या कपाटात कागद आहे. सकाळचा माणूस त्यावर पेन्सिलीनं रेघ मारतो, दुपारचा ती बघतो. परवा ते सगळे कागद गोळा करून कोठारात न्यायचा हुकूम आलाय.” त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक किल्ली वेगळी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली. “आता कोण नेतंय बघतो.”

ठरल्या दिवशी कोठाराची गाडी आली आणि रिकामी परत गेली. कपाटाला कुलूप होतं आणि मुकादम म्हणत होता, किल्ली हरवली. कुणीतरी कुलूप तोडायचं सुचवलं. तेव्हा चौदा माणसं फावडी हातात घेऊन सहज म्हणून कपाटासमोर उभी राहिली. ती फावडी त्यांच्या रोजच्या कामाचीच होती.

आता साहेबांना बैठक बोलवणं भाग पडलं. कंपनीच्या संचालक बाई जातीनं आल्या, सगळ्या विभागांचे प्रमुख आले, मुकादम भिंतीला टेकून उभा राहिला. बैठक संगणक कक्षातच ठेवली होती, दोन्ही मशीनसमोर. दिरानं सुरुवात केली. तो चांगलं बोलला. कुठला नकाशा किती वेळात उघडतो हे त्यानं करून दाखवलं. अर्ध्या सेकंदाच्या आत. माना डोलल्या.

“मला पंधरा मिनिटं हवीत,” नाहीबाई म्हणाली. तिनं पहिल्या मशीनवर एका गल्लीचा नकाशा उघडला आणि मुकादमाला पुढे बोलावलं. त्यानं जाडजूड बोटानं एक व्हॉल्व्ह डावीकडून उजवीकडे सरकवला, जतन केला. मग तिनं तोच नकाशा दुसऱ्या मशीनवर उघडला. व्हॉल्व्ह डावीकडेच.

“हे आम्हाला माहीत आहे,” संचालक बाई म्हणाल्या. “नक्कल दिवसातून चारदा करता येईल.”

“करता येईल. म्हणजे सहा तास चुकीचं दिसेल. आता दुसरं.” तिनं पहिल्या मशीनवर नकाशे चढवायला लावले आणि ती मागे गेली. वायरीवर हात ठेवला.

“हात लावायचा नाही!” साहेब उठून उभे राहिले. “ते खरं मशीन आहे. चाळीस हजार नकाशे आहेत त्यात.”

“सगळ्यांची नक्कल मी आज सकाळी वेगळ्या डिस्कवर घेतलीय आणि ती उघडून तपासलीय. साहेब, इथे दहा माणसांसमोर जिची वायर काढायची आपल्याला भीती वाटते, ती गोष्ट शहराच्या हवाली कशी करायची?”

“मी आदेश देतोय.”

“आणि मी या कक्षाची प्रमुख आहे,” ती म्हणाली, आणि तिनं वायर ओढली.

घरघर थांबली. खोलीत इतकी शांतता झाली की जिन्यावरून कुणीतरी बोलत चाललेलं ऐकू आलं. मशीन पुन्हा सुरू व्हायला अकरा मिनिटं लागली. शेवटी पडदा उजळला, भांडार उघडलं. दिरानं भराभरा तपासलं. नकाशे सगळे जागेवर. मोजदाद बरोबर. एकही रिकामा नाही.

साहेबांनी सुस्कारा सोडला. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. नाहीबाईचे कान तापले, पण ती जागची हलली नाही.

“पुन्हा,” ती म्हणाली.

“किती वेळा? तुमच्या मनासारखं होईपर्यंत?” साहेब म्हणाले. “पुरे झालं आता.”

“टिपणीत लिहिलंय साहेब. तीनदा केलं, तिसऱ्यांदा काही बिघडलं नाही. कधी बिघडेल ते सांगता येत नाही, हीच माझी तक्रार आहे.”

तेव्हा दीरच पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तेज होतं. “होऊ द्या साहेब. मीच काढतो. वहिनींचं एकदाचं समाधान होऊ दे.” त्यानं नकाशे पुन्हा चढवायला लावले, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि झटक्यात वायर उपटली.

या वेळी अकरा मिनिटांनी पडदा उजळला, पण भांडार उघडलं नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पडद्यावर एकच ओळ येत राहिली : साठा वाचता येत नाही. बिघाड एखाददुसऱ्या नकाशात नव्हता. सगळी सूचीच मधोमध फाटली होती. चाळीस हजार नकाशे डिस्कवर कुठेतरी होते आणि त्यांतला एकही सापडत नव्हता. तो टंकत राहिला, कपाळावरचा घाम मनगटानं पुसत राहिला. संचालक बाईंनी त्याला हळूच सांगितलं, “राहू दे आता.”

मुकादम भिंतीपासून पुढे झाला. “मी कपाटाची किल्ली शोधायला जातो,” तो म्हणाला, “पण आज काही सापडायची नाही.”

उद्घाटन पुढे ढकललं गेलं. छापलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर खात्यात पुढे वर्षभर हिशोब-आकडेमोड चालली. कंपनीनं दिराचं प्रमुखपद काढून घेतलं, पण त्याला याच कामावर ठेवलं, साधा कर्मचारी म्हणून. पोट बदलायचं काम होतं, आणि आत काय भरलंय ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

सहा आठवडे तो रोज तिच्या कक्षात येऊन बसायचा. तिला ‘मॅडम’ म्हणायचा. कामापलीकडे एक शब्द नाही. तीही कामापुरतंच बोलायची. वेगळा डेटाबेस उभा केला. कुणी काय बदललं, कुठली आवृत्ती कधीची, हे सगळं त्यात. स्कॅन केलेली जड चित्रं डेटाबेसमध्येच कोंबावीत असं कंपनीच्या वरिष्ठांचं मत होतं. तिनं ती दोन्ही मशीनना सामाईक अशा वेगळ्या साठ्यात ठेवायला लावली. नाहीतर रोजची नक्कल घ्यायलाच दिवस उजाडायचा. कंपनीनं सगळ्यांना देतात तोच पासवर्ड इथेही ठेवला होता, तो तिनं त्याच दिवशी बदलला. एक चूक मात्र तिच्या नजरेतून सुटली आणि ती पकडली दिरानं. नमुना उचलून चिकटवताना दोन्ही मशीनना एकच ओळखनाव पडलं होतं.

“मॅडम, हे असं राहिलं तर पहिल्याचा बदल दुसऱ्याला स्वतःचाच वाटेल आणि ते तो घेणारच नाही,” तो म्हणाला. “वेगळी नावं द्यायला हवीत.”

तिनं वाचलं, पुन्हा वाचलं. “बरोबर आहे. माझ्या लक्षात आलं नव्हतं.”

त्यानं मान डोलावली आणि कामाला लागला.

शेवटच्या आठवड्यात तिनं नऊ वेळा वायर उपटली. दोनदा पहिल्या मशीनची, दोनदा दुसऱ्याची, पाचदा डेटाबेसची. नवव्यांदा सगळं जसंच्या तसं उभं राहिल्यावर तिनं चौथ्या रकान्यात सही केली आणि खाली तारीख घातली. फीत कापली गेली, टाळ्या झाल्या. भाषणात तिचं नाव आलं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी नकाशा विभागातून कुरकुर सुरू झाली : नकाशा उघडायला आता दोन सेकंद लागतात, आधी कसा पटकन उघडायचा, ही सगळी नाहीबाईची कृपा.

“दोन सेकंद थांबा,” ती प्रत्येकाला सांगायची. “थांबता येत नसेल तर लेखी तक्रार करा. मी उत्तर देईन.”

महिन्याभरात तिच्या बदलीचा कागद आला. शहराबाहेरचं मीटर गोदाम. ‘प्रशासकीय कारणास्तव.’ तिनं तो वाचला, घडी घातली आणि साहेबांच्या खोलीत गेली.

“कारण काय साहेब?”

“लिहिलंय की. प्रशासकीय.”

“ते कारण झालं नाही, तो शब्द झाला. मी आदेश मोडला म्हणून असेल तर तसं लिहा. कुठला आदेश, कुठल्या दिवशी, कशासाठी मोडला, सगळं येऊ दे. मी तो कागद फ्रेम करून लावीन. पण लिहा.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर मी उद्या नेहमीच्या वेळेला इथेच येईन.”

ती दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आली. तिसऱ्या दिवशीही आली. चौथ्या दिवशी मुकादम आणि त्याची चौदा माणसं साहेबांच्या दालनाबाहेर एक विनंतीचा कागद घेऊन उभी राहिली; बूट सगळ्यांचे पायांतच होते आणि गालिचा नवा होता. कारण लेखी कधीच आलं नाही. बदलीचा कागद रद्दही झाला नाही. तो कुठल्याशा फायलीत पडून राहिला आणि ती आपल्या खुर्चीत बसून राहिली.

घरी सासूबाई बोलायला लागल्या, पण त्याला वेगळंच कारण झालं. एका दुपारी त्यांच्या गल्लीत पाइप फुटला. पथक आलं, कुणाला काही न विचारता थेट एका फरशीपाशी गेलं, ती उचलली आणि पाणी बंद केलं. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. संध्याकाळी त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “बारा मिनिटांत बंद केलं हो.” कुणाला उद्देशून ते सांगितलं नाही, पण मुलगा तेव्हा घरात नव्हता.

दीर आला त्यानंतर तीन रविवारांनी. एकटाच. ती गच्चीत कपडे काढत होती, तो तिथेच येऊन कठड्याला टेकला.

“तुमच्यामुळे माझं प्रमुखपद गेलं,” तो म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. “गेलं. त्याचं मला फार वाईट वाटतं भाऊजी, रोज वाटतं. पण पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते, माफी म्हणून नाही.”

“माफी मागायला आलोय असं समजू नका. मीही मागणार नाहीये.” तो दोरीवरचा एक चिमटा काढू लागला. “मी त्या दिवशी वायर का ओढली माहितेय? तुम्हाला तोंडघशी पाडायचं होतं, ते तर होतंच. पण मला खरंच वाटत होतं की ते टिकेल. कुणी सांगितलं म्हणून नाही. मनापासून वाटत होतं.”

“तसं वाटत नसतं तर तुम्ही ओढलीच नसतीत.”

“नसती ओढली,” तो म्हणाला. “गप्प बसलो असतो.”

वाऱ्यानं दोरीवरची चादर त्याच्या तोंडावर आली. त्यानं ती बाजूला सारली, मग तिचं एक टोक धरलं. तिनं दुसरं धरलं. घडी करता करता तो म्हणाला, पुढच्या महिन्यात त्याला नवीन जागी पाठवणार आहेत, एका रुग्णालयात. तिथे पोट कसलं लावलंय ते त्यानं जायच्या आधीच लेखी विचारलंय आणि कंपनीत सगळे त्याच्यावर वैतागलेत.

“उत्तर आलं?”

“नाही अजून.”

“मग उद्या परत विचारा,” ती म्हणाली आणि दुसरी चादर काढायला वळली.